तोरणमाळ नीट बघायचंय? मग पॉइंटची यादी घरी ठेवा

तोरणमाळ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं सातपुड्याच्या माथ्यावरचं थंड हवेचं गाव. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा कॉलेजात होतो. चार जण, दोन गाड्या, सकाळी शहाद्याहून निघालो, अकराला वर, तलाव झाला, सीताखाई झाली, गोरखनाथाचं दर्शन झालं, भजी हाणली आणि दोन वाजता परत खाली. घरी आलो तर मावशी ओट्यावर बसलेली, तिचा सगळा जन्म शेतात गेलेला, तिने विचारलं, "तठे काय पिकस रे?" मला सांगता येईना. मग म्हणे, "आनि पानी कथाईन येस?" तेही सांगता येईना. फोटो मात्र पन्नासेक होते, त्यातल्या निम्म्यात आम्हीच.

त्यानंतर बऱ्याच वेळा जाणं झालं आणि दर वेळी मावशीचे ते दोन प्रश्न डोक्यात घेऊनच गेलो. काय पिकतं आणि पाणी कुठून येतं. खरं सांगतो, एखादं छोटं डोंगरातलं गाव समजून घ्यायला याच्यापेक्षा भारी प्रश्न मला अजून सापडले नाहीत, कारण यांच्या मागे मागे गेलं की भूगोल पण कळतो, माणसं पण कळतात आणि इतिहास आपोआप हाताला लागतो. तर ज्यांना तोरणमाळला 'जाऊन आलो' एवढंच म्हणायचंय त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, बाकीच्यांसाठी लिहितोय.

निघायच्या आदल्या रात्री मॅप उघडा, पण लगेच रूट टाकू नका. आधी झूम आउट करा. वर नर्मदा दिसेल, नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेची हद्दच ती, आणि खाली तापी. भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात, या दोघी पश्चिमेकडे, आणि दोघींच्या मधे जो हिरवा-तपकिरी पट्टा आडवा पडलाय तो सातपुडा. शाळेत 'गट पर्वत' म्हणून पाठ केलं होतं ना, तेच हे. दोन्ही बाजूंची जमीन भेगांवरून खचली आणि मधला तुकडा वर राहिला, त्या खचलेल्या भागांतून नद्या वाहायला लागल्या. सगळा दगड काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तोरणमाळ या पट्ट्याच्या माथ्यावर, साधारण ११५० मीटरवर बसलंय. महाबळेश्वर याच्याहून उंच आहे हे खरं, पण इथे पायथ्याचा तापीकाठ चांगलाच सखल आहे, त्यामुळे चढ डोळ्यात भरतो आणि कानाला दडे बसतात.

आता दुसरी गंमत बघा. तोरणमाळ तालुक्याने अक्राणी, म्हणजे धडगाव. पण चांगली वाट आहे ती शहाद्याकडून. म्हणजे कागद एका बाजूला आणि बाजार दुसऱ्या बाजूला. मैदानातल्या माणसाला हे पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे तालुका म्हणजे तिथेच सगळं, तहसील पण तिथे, बी-बियाणं पण तिथे आणि लग्नाचा बस्ता पण तिथेच. डोंगरात गावाचं खरं नातं कोणाशी आहे ते मॅपवरची रेष सांगत नाही, उतार सांगतो.

सुरुवात प्रकाशापासून करा

नंदुरबार स्टेशनवर (सुरत-भुसावळ लाइन) उतरून शहाद्याकडे येत असाल तर मधे तापीवर प्रकाशा लागतं. बहुतेक जण पुलावरून सरळ निघून जातात. थांबा तिथे अर्धा तास. लोक याला दक्षिण काशी म्हणतात, केदारेश्वराचं देऊळ आहे, पुष्पदंतेश्वर आहे, घाट आहे. पण मी थांबा म्हणतोय ते दुसऱ्या कारणाने. १९५४-५५ मधे इथे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं होतं आणि त्यात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर निघाले. म्हणजे या काठावर माणूस तीन-साडेतीन हजार वर्षांपासून शेती करतोय. हे डोक्यात ठेवून उत्तरेकडे बघा, आभाळ स्वच्छ असेल तर सातपुड्याची निळी भिंत दिसते. खाली गाळाची काळी जमीन, वर खडक. या दोघांतला फरक हीच अर्ध्या खानदेशच्या इतिहासाची किल्ली आहे असं माझं मत, पटत नसेल तर वर जाऊन आल्यावर भांडू.

प्रकाशा ते शहादा ते म्हसावद या टप्प्यात खिडकीतून शेतं मोजत चला. ऊस, केळी, पपई, कापूस, मिरची. पाइप, ठिबक, ट्रॅक्टर. इथली बोली गुजरी, अहिराणी, थोडी भिली. म्हसावद सोडून राणीपूरकडे लागलात की हळूहळू हिरवं कमी होतं, शेतं लहान होतात, बांध दगडाचे होतात, घरं एकमेकांपासून लांब लांब व्हायला लागतात. हा बदल नेमका कुठे होतो ते ज्याने पकडलं त्याची निम्मी ट्रिप वसूल. आणि हो, धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात कुठे कुठे माळावर दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात, कोणी राजाने बांधल्यासारख्या. बांधलेल्या नाहीत त्या. जमिनीतल्या उभ्या भेगांत लाव्हा शिरून थिजला, आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि ही भिंत उरली. डाइक म्हणतात. आमच्या भागात अशा ढिगाने आहेत आणि आम्ही लोक त्यावर फक्त बकऱ्या चारतो.

घाट

शहादा ते तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण वेळ किलोमीटरने धरू नका. टाकी शहाद्यालाच फुल करा. हवा चेक करा, ब्रेक चेक करा, बाइक असेल तर क्लच केबल बघून घ्या, माझी एकदा घाटाच्या ऐन पोटात तुटलेली आहे आणि तीन तास एका वळणावर बसून काढलेत. (ते तीन तास फुकट गेले नाहीत, ते पुढे सांगतो.) शेवटचा चढ सात पायरीचा, वळणावर वळण. वर जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हॉर्न वाजवायचा, पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा लाइट लो बीमवर ठेवायची, हाय केली की समोर नुसतं पांढरं दिसतं. रात्री पहिल्यांदाच चढत असाल तर चढू नका, खाली मुक्काम करा. वर नेटवर्कचा भरवसा नाही, एटीएमच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, सुटे पैसे खिशात पाहिजेत.

घाटात एक-दोनदा थांबून झाडं बघा. खाली साग, पळस, अंजन, मग मोह, तेंदू, चारोळी, आवळा, वर वर गारवा वाढतो तसं रान बदलतं. मोहाचं झाड ओळखायला शिका, कारण पुढे माणसांचं बोलायचं झालं तर या झाडाशिवाय बोलताच येत नाही.

वर पोचल्यावर पहिलं काम

यशवंत तलावावर जाल, सगळेच जातात. पण सेल्फी झाल्यावर तलावाच्या कडेकडेने चाला. माथ्यावरची ही जागा खोलगट, चहूबाजूने टेकड्या, त्यामुळे पाणी साठतं. पाणी येतं कुठून ते बघा, जादा झालं की निघतं कुठून ते बघा, आणि मग सीताखाईकडे जा. तिथे जमीन एकदम संपते. पावसाळ्यात धबधबा असतो, इतर वेळी नुसती खोल दरी, आणि दरीच्या दोन्ही बाजूंना लाव्ह्याचे थर पोळीच्या पदरांसारखे एकावर एक दिसतात. थर मोजायचा प्रयत्न करा, बारा-पंधरा पदर मी मोजलेत, मग मित्र कंटाळले. सीतेची कथा कोणी सांगितली तर ऐका, वाद घालू नका. कठड्याच्या पलीकडे जाऊ नका, हे काही मी गंमत म्हणून लिहीत नाही, पावसात इथला दगड शेवाळतो.

हा सगळा माथा म्हणजे पाण्याचा पाणलोट. इकडच्या उताराला पडलेला थेंब तापीला जातो, पलीकडच्या उताराचा नर्मदेला. एका शेतकऱ्याचं घर आणि त्याच्या भावाचं घर, दोघांच्या पागोळ्यांचं पाणी वेगवेगळ्या नद्यांत जातं असं सुद्धा डोंगरमाथ्यावर होऊ शकतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिला ते फार आवडलं.

नाव कुठून आलं तर तोरणा देवीवरून सांगतात आणि तोरणाच्या झुडपांवरूनही सांगतात, माळ म्हणजे माथ्यावरची सपाटी. तोरणं खाल्ली नसतील लहानपणी तर तुमचं बालपण जरा कोरडंच गेलं.

माणसं

आता महत्त्वाचं. इथे राहतात ते मुख्यतः पावरा, भिल आणि नहाल. पावरा समाजाची बोली पावरी, ती मराठी नाही, अहिराणी पण नाही, तिचं नातं निमाड-गुजरातच्या बाजूच्या भिली बोलींशी. आपले पूर्वज पावागडकडून आले असं पावरा लोक सांगतात. मराठी त्यांना येते, पोरं शाळेत शिकतात, पण ती त्यांची दुसरी भाषा आहे, त्यामुळे सावकाश आणि साधं बोला, आणि समोरचा थांबून उत्तर देतो म्हणून त्याला मंद समजू नका, तो मनात भाषांतर करतोय. तुम्हाला पावरीत 'पाणी द्या' तरी म्हणता येतं का? मग.

पुरुषाला दादा म्हणा, म्हाताऱ्याला बाबा, बाईला बाई किंवा ताई. 'ए मामा' वगैरे शहरी थाट नको. भिली बोलीत याहा म्हणजे आई, याहामोगी ही कुलदेवी, देवमोगराला तिची मोठी यात्रा भरते महाशिवरात्रीच्या सुमाराला. कोणी 'आप की जय' म्हणून नमस्कार केला तर तुम्ही पण तसाच करा. त्याच्यामागे मोरवडचे गुलाम महाराज आहेत, १९३० च्या दशकात त्यांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकाला मान द्या असं सांगत मोठी चळवळ उभी केली, लाखाने माणसं जमायची. १९३८ मधे ते गेले पण नमस्कार राहिला.

गाव शोधायला गेलात तर गाव सापडत नाही, हा पहिला धक्का. आपल्याकडे वेस, चावडी, मारुती, मग गल्ल्या. इथे पाडे असतात आणि पाड्यातली घरं पण सुटी सुटी, प्रत्येकाचं घर स्वतःच्या शेतात, कुडाच्या भिंती, वर कौल. क्लच केबल तुटली तेव्हा ज्या घराच्या ओट्यावर बसलो होतो तिथून शेजारचं घर हाकेच्या अंतरावर होतं, आणि ते खरंच हाकेने बोलत होते, या टेकडीवरून त्या टेकडीवर, मोबाइलची रेंज नसताना पूर्ण संभाषण. माझ्या गाडीचं काय झालं हे दोन पाड्यांना कळून केबलीचा माणूस पण तसाच मिळाला.

तर काय पिकतं. मका, ज्वारी, उडीद, तूर, आणि डोंगरउतारावर मोर, बंटी यांच्यासारखी बारीक धान्यं. पाऊस भरपूर पण उताराने पाणी थांबत नाही, म्हणून पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्यावर, ही अवस्था. एकट्या शेतावर वर्ष निघत नाही, मग रान. मार्च-एप्रिलला मोहाची फुलं, मग चारोळी, तेंदूपान, आणि उन्हाळ्यात आंबा. धडगाव भागात कैऱ्या सोलून, चिरून वाळवतात त्याचा आमचूर होतो, व्यापारी नेतात, मोठ्या शहरांतल्या मसाल्यात जातो. आपण पाकीट फोडतो तेव्हा कोणाच्या अंगणात वाळला होता ते थोडंच कळतं. आणि तरी भागलं नाही तर दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा बांधकामाला गुजरातला. म्हणून जानेवारीत गेलात आणि काही घरांना कडी दिसली तर 'लोक कुठे गेले' म्हणून हसत विचारू नका.

मोहावरून एक. दारूचा विषय चेष्टेने काढणारे पर्यटक मी पाहिलेत. मोह म्हणजे नुसती दारू नाही, फुलं भाजून खातात, टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढतात, देवाला तर लागतोच. झाडाखाली फुलं पसरलेली दिसली तर तुडवत जाऊ नका, ती कोणीतरी पहाटे वेचणार असतं आणि प्रत्येक झाड कोणाचं ते ठरलेलं असतं.

फोटो विचारून काढा. लहान पोरांना चॉकलेट वाटत सुटू नका, पोरं मग प्रत्येक गाडीमागे पळतात, घाटात पळतात.

होळीला जायचं असेल तर

होळी इथली दिवाळी आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, धडगावचा मोठा, ढोल, पावरी (बोली नव्हे, फुंकून वाजवायचं वाद्य), चांदीचे दागिने, सगळं. होळीत काही पुरुष नवस करून बावा किंवा बुध्या होतात. अंगावर राखेची-तांदळाच्या पिठाची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कंबरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे. मस्त दिसतात म्हणून गळ्यात हात टाकून रील काढायला जाऊ नका. तो माणूस त्या दिवसांत पाळणी पाळत असतो, खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो, बरेच नियम असतात. लांबून बघा, ढोलावर पाय थिरकले तर कडेने नाचा, कोणी अडवत नाही. काठी गावची राजवाडी होळी (अक्कलकुवा तालुका) सगळ्यात गाजलेली, ती पेटते पहाटे, म्हणजे रात्रभर जागायची तयारी पाहिजे. तोरणमाळपासून ती जवळ नाही, एकाच रात्रीत दोन्ही उरकू म्हणणाऱ्यांनी परत एकदा मॅप बघावा.

महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात तिन्हीकडून लोक येतात. गर्दी आवडत असेल तर जा, गाव बघायचं असेल तर तेव्हा नको. शांत बघायला सप्टेंबर शेवट ते डिसेंबर बेस्ट.

इतिहास विचारायची पद्धत

'बाबा, गावाचा इतिहास सांगा' असं विचारलं की समोरचा म्हणतो आम्हाला काय माहीत, मास्तरांना विचारा. इतिहास हा शब्दच वापरू नका. विचारा, रस्ता यायच्या आधी बाजाराला कुठल्या वाटेने उतरायचे? मीठ कुठून आणायचे? बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्लं? लाइट आली तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? एकदा लाइटीवरून विषय निघाला आणि दोन तास संपला नाही.

लिहिलेला इतिहास थोडक्यात सोबत ठेवा म्हणजे ऐकलेलं कुठे बसवायचं ते कळतं. वरच्या गोष्टी, मच्छिंद्रनाथाची गुंफा, गोरखनाथ, पांडवांच्या काळातला युवनाश्व राजा, या श्रद्धेच्या कप्प्यात ठेवायच्या. आस्तंभ्याचं पण तसंच, १३२५ मीटरच्या आसपासचा तो सुळका याच तालुक्यात, अश्वत्थामा जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात आणि दिवाळीत धनतेरसच्या सुमाराला यात्रेला माणसं रात्रभर चढतात. कागदावरचा इतिहास म्हणजे १३८२ पासून फारुकी सुलतानांचं खानदेश, १६०१ ला अकबराने असीरगड घेतला आणि ते संपलं, मग मराठे, मग १८१८ ला इंग्रज. यातलं प्रत्येक राज्य खालच्या काळ्या जमिनीवर होतं. डोंगरात त्यांची सत्ता म्हणजे घाट कोण राखतो एवढ्यापुरती. इंग्रजांना भिल आवरेनात म्हणून १८२५ मधे भिल एजन्सी आणि औट्राम या इंग्रज अधिकाऱ्याची भिल कोर, म्हणजे भिलांची पलटण, निघाली, बंड करणाऱ्यालाच शिपाई करायची आयडिया. तरी १८५७-५८ ला भिलांचे पुढारी खाज्या नाईक यांनी सातपुड्यात इंग्रजांना घाम फोडलाच, ११ एप्रिल १८५८ ची अंबापाणीची लढाई प्रसिद्ध आहे, शाळेच्या पुस्तकात मला ती कधी भेटली नाही.

मग जंगल कायदे आले, १८७८ आणि १९२७, आणि ज्या रानात बापजाद्यांनी नांगर धरला तेच रान 'सरकारी' झालं. शहादा-तळोद्याकडे सत्तरच्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने जमिनीसाठी, मजुरीसाठी लढा दिला. पलीकडे नर्मदेच्या काठावर सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्राणी आणि अक्कलकुव्याची, त्यातली बरीच माणसं खाली तळोदा-शहाद्याकडे वसवली. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे, त्याआधीचा ताबा दाखवावा लागतो. इथे सही करताना अंगठा देणाऱ्या बाबांना पण ही तारीख पाठ असते. जिल्हा कधी झाला विचारा, नाही सांगणार (१ जुलै १९९८, त्याआधी धुळे, त्याच्याही आधी १९०६ पासून पश्चिम खानदेश), पण दाव्याची फाइल कितव्या टेबलावर अडकली ते सांगतील.

वाचायची आवड असेल तर १८८० चं खानदेश गॅझेटियर स्कॅन करून नेटवर टाकलेलं आहे. माहितीची खाण आहे, पण भिलांबद्दल साहेबाने जे लिहिलंय ते चिमूटभर मीठ लावून वाचा, ज्याच्याशी लढाई चालू होती त्याच्याबद्दल लिहिलेलं आहे ते.

मुक्कामाला एमटीडीसीचं आहे, सुट्टीत आधी बुकिंग करा. एक रात्र तरी राहाच. थंडीत शाल पुरत नाही, स्वेटर घ्या. जेवायला टपरीवर आधी सांगून ठेवलं तर मक्याची नाहीतर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा मिळतो, पनीर मागू नका. प्लॅस्टिक परत खाली आणा. एसटीने आला असाल तर परतीच्या गाडीची वेळ चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवा आणि त्याच्या अर्धा तास आधी रस्त्यावर येऊन उभे राहा, कारण ती चुकली तर मग मधल्या पाड्यांतून बाजाराला जाणारी जीप, आणि तिच्यात बसायला जागा मिळाली तर तुमच्या मांडीवर एक कोंबडी असणार हे धरून चाला.